ओब्दुलियाने न वाचलेली ओळ

ओब्दुलिया एचेमेंदिया आमच्या गावच्या चिरूट कारखान्यात तेवीस वर्षे वाचत होती. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. चिरूट वळणारे दीडशे लोक मान खाली घालून काम करायचे आणि ती दालनाच्या टोकाला, चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसून मोठ्याने वाचायची. ती वारली तेव्हा स्थानिक पत्रात चार ओळी आल्या. त्यात तिचे जन्मवर्ष चुकले होते. माझ्या वह्यांत मात्र तिच्याबद्दल पुष्कळ आहे. मी तेरा वर्षांची असल्यापासून रोज डायरी लिहिते. मठाच्या शाळेत सिस्टर पुरा यांनी लावलेली सवय. माझे यजमान गेले त्या दिवशीही मी सहा ओळी लिहिल्या होत्या. तेव्हा हे काम मीच करायला हवे.

वडील गेल्यावर मला शाळा सोडून कारखान्यात यावे लागले. मी बसायचे तंबाखूच्या पानाची मधली शीर काढणाऱ्या बायकांत, दालनाच्या दारापाशी. ओब्दुलियाही आमच्यातलीच. तिची आई इस्त्रीची कामे करायची. ज्या कागदांत कपडे गुंडाळून यायचे, त्या जुन्या वर्तमानपत्रांवर ती वाचायला शिकली. शेजारणींची पत्रे वाचून दाखवायची. १९६४ मध्ये जुना वाचक थकून गेला तेव्हा जागेसाठी तिघांनी अर्ज केला: एक शाळामास्तर, एक रेडिओवर बोललेला गृहस्थ आणि ही. आमच्याकडे वाचक कामगार निवडतात. प्रत्येकाने एकेक दिवस वाचायचे आणि मग मतदान.

मास्तर वाचू लागला आणि सगळ्यांना आपण गृहपाठ केला नाही असे वाटू लागले. रेडिओवाल्याचा आवाज गोड होता, पण तो स्वतःच तो ऐकत बसला. ओब्दुलियाच्या वाट्याला त्या दिवशी वर्तमानपत्रात हवामान आणि बंदरात लागलेल्या जहाजांची यादी सोडून काही विशेष आले नव्हते. तिने ती यादी अशी वाचली की जणू प्रत्येक जहाजातून कुणाचा तरी माणूस उतरणार आहे. संपल्यावर लोकांनी चवेता टेबलावर आपटल्या. चवेता म्हणजे पान कापायचे बिनमुठीचे अर्धगोल पाते. पसंती असली की ते टेबलावर आपटायचे, नापसंती असली की फरशीवर टाकायचे. त्या दिवशी फरशीवर एकही पडले नाही.

तिचा एकच नियम होता: जे छापलेय ते वाचायचे. काही गाळायचे नाही, काही घालायचे नाही. एका कादंबरीत नको तितका मोकळा प्रसंग आला, तर व्यवस्थापकाने चिठ्ठी पाठवली की दोन पाने सोडा. तिने पाने सोडली नाहीत. खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून वाचली. पाठमोरे कान तेवढे लाल दिसत होते. फेला म्हणून माझ्या शेजारी बसणारी एक तिखट जिभेची बाई होती. ती ओरडली, "अगं, जरा सावकाश! एवढं एकच पान पळवतेस होय?" दुसऱ्या एका पुस्तकाला कसर लागली होती. तिथे ती थांबून सांगायची, "इथले चार शब्द किडीनं खाल्लेत," आणि पुढे जायची.

मठ बंद झाला आणि सिस्टर पुरा स्पेनला परतल्या, तेव्हा त्यांनी मुलींना ग्रंथालयातली पुस्तके वाटून टाकली. माझ्या वाट्याला आली ती 'बेनिग्नोचे बूट' नावाची जुनी कादंबरी. मुखपृष्ठ फाटलेले, लेखकाचे नाव त्याच्याबरोबर गेलेले. १९६६ मध्ये मी ती ओब्दुलियाला दिली, लोकांनी मत देऊन घेतली, आणि पावसाळा संपल्यावर वाचन सुरू झाले.

गोष्ट साधी होती. बेनिग्नो हा डोंगरातल्या एका गाडीवानाचा मुलगा. तो चौदा वर्षांचा झाल्यावर बाप त्याला पहिले बूट आणतो, पायापेक्षा चांगले दोन बोटे मोठे. पोरगा त्यांत मक्याची साले कोंबून चालतो, सगळे हसतात. एके दिवशी बापाने मारले म्हणून तो घर सोडतो. पुढे मळे, खाणी, एक बंदर, एक मुलगी, एक तुरुंग. प्रत्येक मुक्कामाला बुटातली साले थोडी कमी होतात. शेवटी बूट पायाला बरोबर बसतात आणि त्याच दिवशी तो घरची वाट धरतो. गावाजवळच्या नदीपाशी तो बूट काढतो, नाडीला नाडी बांधून गळ्यात अडकवतो आणि अनवाणी पाण्यात उतरतो. पलीकडे घरातून धूर निघतो आहे. पुस्तक तिथे संपते.

त्या बुटांवरून दालनात किती वाद झाले ते मी वहीत उतरवले आहेत. फेलाचे म्हणणे होते, "बूट काढले, कारण भिजले असते. नवे कोण देणार, तुम्ही?" कुणी म्हणाले की बूट म्हणजे बाप, आधी पायाला चावला आणि आता गळ्यात पडला. शाळेत आम्हाला सिस्टर शिकवायच्या की गोष्टीतली वस्तू कधी नुसती वस्तू नसते. मला वाटले, यांना कुणी न शिकवता कसे कळले?

सेकुंदिनो येरा गप्प होता. तेव्हा तो अडतीस वर्षांचा, हात विलक्षण, डोके तापट. नदीपलीकडे तंबाखूच्या मळ्यावर राहणाऱ्या आपल्या बापाशी तो सहा वर्षे बोलला नव्हता. शुक्रवार, १८ नोव्हेंबर १९६६. ओब्दुलियाने शेवटचे वाक्य वाचले. धूर, पाणी, गळ्यातले बूट. सेकुंदिनो उठला. अर्धवट वळलेला चिरूट तसाच टेबलावर ठेवला, टोपी घातली आणि सगळ्यांच्या मधून चालत बाहेर गेला. कुठे, ते विचारायची गरज नव्हती. मग दीडशे चवेता टेबलांवर आपटू लागल्या, इतका वेळ की कबुतरे छपरावरून उडाली.

फेला ओरडून विचारत होती, "पण बाप भेटला का त्याला? अगं, संपलं?"

ओब्दुलियाने पुस्तक मिटले. "पुस्तक संपलं," ती म्हणाली.

घरी जाताना तिने मला रस्त्यात थांबवले. चेहरा उतरलेला होता.

"मातिल्दे, पुस्तक तुझं आहे. शेवटच्या पानावर खाली काय छापलंय, तुला ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक होते. अगदी बारीक अक्षरांत: पहिल्या भागाचा शेवट.

"मी वाचणार होते गं. काल घरी सराव केला तेव्हा ती ओळही म्हटली होती. पण तो उठला. तो जात असताना, 'थांब बाबा, अजून दुसरा भाग आहे,' असं कसं सांगू?"

"दुसरा भाग कुणी पाहिलाय? तो नाहीच समज."

"छापलेलं होतं," ती म्हणाली. "मी गाळलं."

सेकुंदिनोच्या बापाने त्याला घरात घेतले. म्हातारा त्यानंतर दोनच वर्षे जगला. "त्या पुस्तकानं मला बाप परत दिला," असे सेकुंदिनो ज्याला त्याला सांगायचा. पुढे त्याच्या हाताखालचा पहिला शिकाऊ तयार झाला आणि त्याला स्वतःचे टेबल मिळाले, तेव्हा सेकुंदिनो त्याला थट्टेत म्हणाला, "बूट काढ. घाल गळ्यात. चालत ये." तो मुलगा तसा दालनभर चालत आला, लोकांनी चवेता आपटल्या, आणि तेव्हापासून ती रीतच पडली. बूट गळ्यात घालून चालल्याशिवाय टेबल नाही. पुस्तक न ऐकलेले लोकही ते करू लागले. ओब्दुलिया दर वेळी चौथऱ्यावरून पाहायची, टाळ्या वाजवायची आणि संध्याकाळी मला म्हणायची, "माझ्या एका ओळीवर उभंय हे सगळं."

मी म्हणायचे, "चांगलंच उभंय की."

१९८७ च्या मार्चमध्ये स्पेनहून पार्सल आले. सिस्टर पुरा नव्वदीला टेकल्या होत्या. थरथरत्या अक्षरांत लिहिले होते: "ट्रंक आवरताना हे सापडले. तुझ्या पुस्तकाची ही दुसरी बाजू इतकी वर्षे माझ्याकडेच राहिली, क्षमा कर." 'बेनिग्नोचे बूट', भाग दुसरा. मी दोन दिवसांत वाचून काढला. तिसऱ्या दिवशी तो पार्सलच्याच कागदात गुंडाळून ओब्दुलियाकडे गेले. ती अंगणात कॉफी वाळवत होती.

"पत्र कुणाचं?"

"पत्र नाही. दुसरा भाग आहे."

तिने हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले, पण पुस्तक घेतले नाही. "वाचलास?"

"वाचला. आणि तुला सांगते, चुलीत घाल."

"इतका वाईट लिहिलाय?"

"इतका चांगला लिहिलाय."

बेनिग्नो नदी ओलांडतो तेव्हा बाप आठवडाभरापूर्वीच मेलेला असतो. धूर शेजाऱ्यांच्या चुलीचा. बेनिग्नो काठावर बसून बूट घालतो आणि घरात शिरतो. लाकडी जमिनीवर बुटांचा आवाज होतो आणि घरातली माणसे दचकून उभी राहतात. तो आवाज त्याला आवडतो. पुढे तो मळ्यावर मुकादम होतो. त्याच्या बुटांचा आवाज लांबून आला की मजूर बोलायचे थांबतात. शेवटच्या प्रकरणात तो आपल्या मुलाला पायापेक्षा दोन बोटे मोठे बूट आणून देतो, आणि पोरगा हसला म्हणून त्याला मारतो.

"सेकुंदिनोला हे ऐकवणार?" मी विचारले.

तिने पुस्तक माझ्या हातातून घेऊन एप्रनच्या खिशात घातले. मला काय म्हणायचे होते ते तिला कळले होते. सेकुंदिनो बारा वर्षे शिकाऊंचा माएस्त्रो, म्हणजे उस्ताद, होता. टाचेला लोखंडी नाल ठोकलेले बूट घालायचा. टक, टक, टक असा तो रांगेतून येऊ लागला की पोरांचे हात थंड पडायचे. चिरूट मनासारखा नसला तर उभा चिरायचा आणि आतला तंबाखू शिकाऊच्या मांडीवर टाकायचा. त्या वर्षी शिकाऊंत त्याची नात मायदेलिन होती, अठरा वर्षांची. घरी ती त्याला अबुएलो, म्हणजे आजोबा, म्हणायची. कारखान्यात फक्त 'माएस्त्रो', अशी त्याची सक्ती. मी तिला दोनदा नळापाशी रडताना पाहिले.

"टेबल मिळालं तरी मी चालणार नाही, मातिल्दे मावशी," ती म्हणाली होती. "बेकरीत जाईन. कणकेला तरी कुणी चिरत नाही."

"वेडी आहेस का? तुझे चिरूट चांगले असतात."

"ते तुम्ही म्हणता. ते कधी म्हणालेत?"

डिसेंबरअखेर ओब्दुलिया निवृत्त होणार होती. सप्टेंबरात शेवटच्या पुस्तकासाठी मतदान झाले. सेकुंदिनो उभा राहिला. "वाचकबाई जाताहेत, तर त्यांचं सगळ्यांत चांगलं वाचन पुन्हा ऐकू या. बेनिग्नो!" सगळे हात वर गेले. फेला म्हणाली, "मला तर अजून कळायचंय, बूट भिजले की नाही ते." ओब्दुलियाने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

वाचन चालू असलेल्या सहा आठवड्यांत मी तिला तीनदा सांगितले की लोक पहिल्या भागावर खूश आहेत, दुसऱ्याची कुणाला वार्ताही नाही. तिसऱ्या वेळी ती चिडली.

"एकवीस वर्षं मी तेच म्हणतेय स्वतःला. माझी जागा कशावर आहे, मातिल्दे? आवाजावर? माझ्यापेक्षा चांगले आवाज रस्त्यानं भाजी विकतात. लोक मान खाली घालून काम करतात, पुस्तक त्यांना दिसत नाही. मी म्हणेन ते छापलंय, असं धरून चालतात. मी त्या खुर्चीतून उठून जाणारे, ते ही ओळ पोटात ठेवून?"

"आणि त्यांनी चवेता फरशीवर टाकल्या तर? शेवटच्या महिन्यात?"

"तर टाकतील," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून तिने मधाचे पाणी दुप्पट प्यायला सुरुवात केली. आवाज जायला लागला की ती तेच करायची.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर. धूर, पाणी, गळ्यातले बूट. शेवटचे वाक्य झाले आणि लोकांनी चवेता उचलल्या. ओब्दुलिया उभी राहिली. तेवीस वर्षांत तिने कधी उभे राहून वाचले नव्हते, म्हणून हात हवेतच थांबले.

तिने वाचले, "पहिल्या भागाचा शेवट."

मग पुस्तक खाली ठेवून म्हणाली, "ही ओळ छाप्यात होती. १९६६ मध्ये मी ती वाचली नाही. मुद्दाम. दुसरा भाग आता माझ्याकडे आहे. वाचू की नको, ते तुम्ही सांगा. आणि मी या खुर्चीत बसू की नको, तेही."

मग फरशीवर एक पाते खणखणले. फेलाचे. शीर काढणारीला चवेता लागत नाही. ती शेजारच्या टेबलावरून उचलून तिने टाकली होती. "एकवीस वर्षं मी विचारतेय, बाप भेटला का!" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. "आणि तुला ठाऊक होतं की पुढं आहे!" त्यानंतर आणखी पाती पडली. माझ्या वहीत अकरा लिहिलेली आहेत.

सगळे सेकुंदिनोकडे बघत होते. तो जागेवरूनच म्हणाला, "बाप भेटतो का, बाई?"

"पुढचं आधी सांगायचं नसतं, सेकुंदिनो."

"माझ्यासाठी गाळलीत ना तुम्ही ती ओळ?"

"हो."

त्याने चवेता टेबलावर एकदा आपटली. "मग माझ्यासाठी वाचा."

मतदान झाले. वाचायचे ठरले आणि वर्ष संपेपर्यंत तिनेच वाचायचे ठरले. फेलाने हात वर केला, पण मान फिरवून.

पाच आठवडे लागले. धूर शेजाऱ्यांचा निघाला तेव्हा सेकुंदिनो हातातले पान घेऊन तसाच बसून राहिला. बाकीचे लोक रागावले, पुस्तकावर की ओब्दुलियावर ते त्यांनाही सांगता आले नसते. "हा कसला बेनिग्नो? हा आपला नाहीच," असे कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत म्हणाले. ओब्दुलियाने ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी जिथे थांबली होती तिथूनच वाचायला घेतले.

मुकादमाच्या प्रकरणात ते वाक्य आले: त्याच्या बुटांचा आवाज लांबून आला की माणसे बोलायची थांबत. ओब्दुलियाने आवाज चढवला नाही की उतरवला नाही. दालनात एकानेही सेकुंदिनोकडे पाहिले नाही. दीडशे माणसे आपापल्या पानांवर वाकली, एरवीपेक्षा जरा जास्तच. मी दारातून पाहत होते. तो मान वर करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या वाकलेल्या माना बघत होता. कोणीच आपल्याकडे का बघत नाही, हे त्याला उमगत गेलेले मी पाहिले. मायदेलिनची बोटे थांबली होती. तेवढ्या तिनेच मान वर केली आणि लगेच खाली घातली.

गुरुवारी पुस्तक संपले. चवेता टेबलावरही वाजल्या नाहीत, फरशीवरही पडल्या नाहीत. शुक्रवारी सेकुंदिनो कामावर आला नाही. ओब्दुलिया संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसली. कॉफी थंड होऊ दिली.

"बाप परत दिला होता त्याला मी," ती म्हणाली. "आता काय काय घेतलं कोण जाणे."

मी तिला तू बरोबर केलेस असे सांगितले नाही. मला तसे वाटत नव्हते. शुक्रवारच्या नोंदीत मी लिहिले आहे: 'ते पार्सल मी पोस्टातच नाकारायला हवे होते.'

सोमवार, १४ डिसेंबर. मायदेलिनला टेबल मिळायचे होते. ती येईल की नाही यावर बायकांत पैजा लागल्या होत्या. ती आली. दारात माझ्याशेजारी उभी राहून कॅनव्हासचे बूट काढू लागली, पण दोन नाड्यांची गाठ तिला जमेना, ती मला बांधून द्यावी लागली.

"बेकरीचं काय झालं?" मी हळूच विचारले.

"माएस्त्रो काल घरी आले होते. माझे जुने चिरूट मागितले. एक ओढला, शेवटपर्यंत."

"चिरला नाही?"

"नाही."

ती चालू लागली. चवेता वाजू लागल्या, आधी घाबरत, मग जोरात. आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की सकाळपासून काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते ते काय. टक, टक, टक ऐकू आलेच नव्हते. सेकुंदिनो तिच्या टेबलापाशी उभा होता, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, पाय उघडे. पांढुरके, म्हातारे, बूट कधी न काढणाऱ्या माणसाचे पाय.

फेलाला राहवले नाही. "अहो माएस्त्रो, तुम्हाला टेबल मिळून तीस वर्षं झाली! बूट कुठं विसरलात?"

"घरी ठेवले," सेकुंदिनो म्हणाला. "फार आवाज करत होते."

मायदेलिन टेबलापाशी पोचली. त्याने खुर्ची मागे ओढून दिली. "बस पोरी," तो म्हणाला, आणि ती दालनात सर्वांसमोर म्हणाली, "हो, अबुएलो." तिच्या गळ्यातले बूट त्याने स्वतः काढून टेबलाखाली नीट जोडून ठेवले.

चौथऱ्यावर ओब्दुलियाने वर्तमानपत्र उघडले. त्या दिवशी पहिली बातमी हवामानाची होती: उत्तरेकडून वारा, समुद्र शांत. तिला ती दोनदा सुरू करावी लागली. तारीख, वार, पृष्ठ क्रमांकासह, काही न गाळता तिने ते पान शेवटपर्यंत वाचले. आणि दहा वाजता कॉफी आली, तेव्हा पहिला कप तिला नेऊन दिला तो फेलाने.